पळसाची एक, सागाच्या तीन

गडचांदूर
१२ ऑक्टोबर २०२४

मामा, जय सेवा.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोलले की घरमालकीण आशाबाई दारात येऊन उभ्या राहतात. म्हणून लिहिते. तीस वर्षं लाकडाचे ट्रक चालवून तुमचे कान गेले, असं आई म्हणते. ट्रकच्या मागच्या पाट्या आणि किलोमीटरचे दगड वाचत तुम्ही अक्षरं शिकलात, म्हणून मी मुद्दाम मोठं अक्षर काढते आहे.

सोमवारपासून मी टिप्पर चालवायला लागले. खाणीतून चुनखडी भरायची, नऊ किलोमीटरवर कारखान्यात खाली करायची, परत यायचं. दिवसाला सहा फेऱ्या. संध्याकाळी खोलीवर. आई एवढ्याच अटीवर हो म्हणाली की लांबची गाडी घ्यायची नाही, रोज संध्याकाळी चूल पेटवायला घरी असायचं. मीही मनातून तेच म्हणत होते. नागपूर-हैदराबाद नकोच. आधी हे नऊ किलोमीटर जमू देत.

तीन महिने ट्रायल आहे. ७ जानेवारीला संपते. आमच्या ठेकेदाराचे सुपरवायझर बापूराव म्हणाले, "एक तक्रार आली का चाबी ठेवाची अन् घरचा रस्ता धराचा." मी सकाळी टायर बघते, मग ब्रेकची हवा, मग पुन्हा टायर. मागे घेण्याआधी प्रत्येक वेळी खाली उतरून मागे बघून येते. पोरं हसतात. "मॅडम गाडी पाहाले आल्या का चालवाले?" हसू देत. आपल्या घरात शाळा शिकलेली मी पहिली, आणि आता स्टेअरिंगवर बसलेली पहिली बाईसुद्धा मीच. दोन्हीकडून लोकांची नजर आहे असं वाटतं.

सगळ्यात भीती एका वळणाची. पाचव्या किलोमीटरला उतार आहे आणि लगेच डावीकडे वळण. पुढचं काही दिसत नाही. मागचा माल पाठीत ढकलतो. पहिल्या दिवशी माझे हात इतके घामेजले की गमछा स्टेअरिंगला गुंडाळावा लागला. मग मला आपल्या गावाकडच्या घाटातलं वळण आठवलं. लहानपणी मला शेजारी बसवून नेताना तुम्ही तिथे नेहमी थांबायचात, उतरून पानांची एक डहाळी त्या ढिगावर ठेवायचात, हात जोडायचात. येणारे-जाणारे सगळेच ठेवायचे. आता मीसुद्धा पहिल्या फेरीला उतरते. पळसाची डहाळी डांबराच्या कडेवर, किलोमीटरच्या दगडाजवळ ठेवते. वाऱ्यानं जाऊ नये म्हणून वर एक धोंडा. मग वळण घेताना भीती कमी वाटते.

एक विचारायचं होतं. त्या घाटातल्या देवाचं नाव काय? मला नाव न घेता हात जोडायला बरं वाटत नाही.

तुमची
रंजीता



अहेरी
१९ आक्टोबर

रंजी पोरी,

तुयं पत्र पोचलं. अक्षर एवढं मोठं का पोस्टमनबी उभ्या उभ्या वाचून गेला.

उतरून पाहातेस ते बरोबर करतेस. हसनाऱ्याईच्या गाड्या पाह्य, एकीचा तरी मागचा डाला चेपलेला असंन. उतारावर गेर टाकूनच उतर, ब्रेकवर पाय ठिवून बसू नको, तापते. भरलेली गाडी अन् रिकामी गाडी ह्या दोन अलग बाया आहेत. भरलेलीशी हळू बोल.

तुयी आई सुकरी मले रोज हातवारे करून इचारते, रंजी जेवते का? मी म्हनतो, जेवते. आता तू खरंच जेव.

धान कापाले आला. बाकी बरं हाये.

लच्छू मामा



गडचांदूर
१० नोव्हेंबर २०२४

मामा, जय सेवा.

जेवते. आईला सांगा, भाजीसुद्धा करते.

महिना झाला. तक्रार एकही नाही, पण मला ते खरं वाटत नाही. संध्याकाळी खोलीवर आले की आठवत बसते, हँडब्रेक ओढला होता ना? एकदा अर्ध्या वाटेतून परत गेले. ओढलेलाच होता. चौकीदार म्हणाला, "बाई, गाडी तुले सोडून पळून नाई जात."

एक चांगली गोष्ट लिहिते. वळणावर मी डहाळी ठेवायला लागल्यापासून बाकीच्या गाड्याही तिथे हळू होतात. मी मागून पाहिलं. निकेश सगळ्यांत जोरात चालवणारा, पण त्याच्याही गाडीचे लाल दिवे डहाळीजवळ लागले. मला वाटलं, हेही देवाला मानतात, फक्त उतरत नाहीत. बरं वाटलं. चहाच्या टपरीवर मात्र दुसरंच बोलणं चाललं होतं. दुसरा ड्रायव्हर अश्वजित म्हणाला, "आजबी ब्रेक मारलो, पुढं काईच नाई." निकेश हसला, "त्या वळनावरचं झाडच येडं हाये." मला नीट कळलं नाही. मी त्यांच्यात जाऊन विचारत नाही. टपरीवर उभी राहिले की सगळे एकदम नीट बोलायला लागतात आणि मी चहा अर्धा ठेवून निघते.

हल्ली ते तिथे तेवढे हळूही होत नाहीत. सवय झाली असेल.

मामा, देवाचं नाव सांगायचं तुम्ही विसरलात. आईला फोनवर विचारलं तर म्हणाली, "लच्छूलेच माहीत. तोच पहिल्यांदा ठिवत होता." मग सांगा.

रंजीता



अहेरी
२४ नोहेंबर

रंजी,

धान झाला. पाठ दुखते. थंडी पडून राह्यली, सकाळी काचेवर दव येते, गरम पान्यानं पुसू नको, काच तडकते.

देवाचं नाव इचारत बसू नको. गाडीकडं ध्यान दे.

मामा



गडचांदूर
१५ डिसेंबर २०२४

मामा,

तुमच्या कानावर कुणाकडून येण्याआधी लिहिते. गुरुवारी आमच्या रस्त्यावर अपघात झाला. मी ठीक आहे. माझी गाडी ठीक आहे. आईला सांगू नका.

एकच विचारायचं आहे. रस्त्यावर फांदी ठेवलेली असली तर ड्रायव्हर लोक काय समजतात? आम्हाला शिकवणीत लाल त्रिकोण दाखवला होता. फांदीचं कुणीच काही सांगितलं नाही.

लवकर लिहा.

रंजीता



अहेरी
२० डिसेंबर

रंजी,

खरं सांग. तू कोनाले धडकली का? धडकली असशीन तरी सांग, मी येतो. लपवू नको. लपवाचं काम मले माहीत हाये, ते लई वर्सं पुरते.

फांदी म्हनजे पुढं गाडी बंद पडली. हळू व्हा. सगळ्याईले माहीत हाये ते. जंगलात त्रिकोन कोठून आनाचा? झाड मोडाचं अन् टाकाचं.

मामा



गडचांदूर
२६ डिसेंबर २०२४

मामा, जय सेवा.

मी कुणाला धडकले नाही. त्यापेक्षा वाईट केलं आहे असं मला वाटतं. नीट क्रमानं लिहिते, नाहीतर माझं मलाच कळणार नाही.

१२ तारखेला सकाळी दहाच्या सुमारास वळणाच्या लगेच पुढे अश्वजितच्या गाडीचा एक्सल तुटला. भरलेली गाडी, हलेना. त्यानं चाकांना दगड लावले, मागे पळत आला आणि सागाच्या तीन फांद्या मोडून रस्त्यावर टाकल्या. मागून निकेश आला. फांद्या दिसल्या असणार, पण त्यानं वेग कमी केला नाही. वळला आणि अश्वजितच्या गाडीवर गेला. केबिन चेपलं. त्याचा उजवा पाय अडकला. माझी गाडी त्याच्यामागे होती. मी पोचले तेव्हा लोक लोखंडी पहारीनं दरवाजा उचकटत होते आणि तो माझ्याकडे बघत होता. फक्त बघत होता. पायात सळई घातली आहे, चंद्रपूरला दवाखान्यात आहे.

मी खाली उतरले तेव्हा रस्त्यावर सागाची पानं चिरडलेली होती. आणि कडेला, धोंड्याखाली, माझी सकाळची पळसाची डहाळी तशीच्या तशी होती.

टपरीवरचं बोलणं मला तेव्हा कळलं. सुरुवातीला ते लोक माझ्या डहाळीला ब्रेक मारत होते. पुढे काही नसायचं. हळूहळू त्यांनी ब्रेक मारणं सोडलं. मला वाटत होतं, देवाला मानतात.

आता पुढचं. ठेकेदारानं अश्वजितला घरी बसवलं आहे. त्याच्यावर ठपका असा की त्यानं इशारा न लावता गाडी रस्त्यात उभी ठेवली. तो जीव तोडून सांगतो की फांद्या टाकल्या होत्या. बापूराव म्हणतात, "पाला तं तेथी रोजच राह्यते. तू टाकला ह्याचा पुरावा काय?" रोजचा पाला कोण टाकतं हे कुणालाच माहीत नाही. कोणी गुराख्याचं नाव घेतं, कोणी वाऱ्याचं. अश्वजितची बायको परवा गेटवर आली होती. कडेवर पोर. ती कुणाशी भांडली नाही, नुसती उभी होती. मी तिच्यासमोरून गाडी बाहेर काढली.

पळसाची एक माझी, सागाच्या तीन त्याच्या. हे जगात फक्त मी सांगू शकते. सांगितलं तर तो सुटेल आणि माझी चाबी जाईल. फक्त चाबीच नाही, माझ्यानंतर त्या गेटमधून दुसऱ्या मुलीला कोण आत घेईल? बापूराव म्हणतीलच, पाहा, बाईला गाडी दिली आणि काय झालं. नाही सांगितलं तर ७ तारखेला मी पक्की होते. ६ जानेवारीला ठेकेदार येणार आहेत, तेव्हा अश्वजितचा निकाल आहे.

मी गेले चौदा दिवस वळणावर उतरले नाही. गाडी चालवताना वाटतं, सगळे आरसे माझ्याकडेच बघत आहेत. तुम्ही सांगा. तुम्ही तीस वर्षं रस्त्यावर काढलीत. मी तुमच्याकडूनच शिकले.

रंजीता



अहेरी
३१ डिसेंबर

रंजी पोरी,

हे पत्र मी तीन दिवस लिवतो. दोनदा फाडलो.

तू लिवलीस ना, बाकीच्या गाड्या तुया पाल्यापाशी हळू होतात, तवाच मले समजलं होतं. डांबरावर पाला अन् वर धोंडा म्हनजे काय ते मले नाई तं कोनाले समजंन? मी सांगाले पायजे होतं, पोरी, तेथी ठिवू नको, झाडाखाली ठेव. एक ओळ लिवाची होती. नाई लिवलो. काऊन का ती लिवली असती तं तू इचारली असतीस, मंग घाटातला पाला कोनाचा? तू तं सोडनारी नाईस. म्हनून मी काच पुसाचं लिवलो.

आता सांगतो. आपल्या लोकाईचे पाल्याचे देव हायेत, जुने हायेत, खरे हायेत. पन घाटातल्या त्या वळनावर देव नाई. कवाच नव्हता. म्हनून नाव नाई.

तू अजून जनमाची होतीस. माया गाडीच्या स्प्रिंगचा पाटा तुटला तेथी. सागाचे लठ्ठे भरले होते, मागं हातभर बाहेर आले होते. दिवस बुडून राह्यला होता. मी म्हनलो, आता होते काम, फांदी काय तोडाची. आळस केलो. गाडीखाली होतो. वरून आपल्याच भागातला झिंगू आला, सायकलवर, मोहाचं पोतं घेऊन. त्याले लठ्ठे दिसले नाई. मी गाडीखालून त्याची चप्पल पाह्यलो.

मंग मी फांद्या तोडलो. मंग, पोरी. तो मरून पडला होता अन् मी झाडं मोडत होतो. पंचनाम्यात लिवलं, ड्रायव्हरनं इशारा लावला होता, सायकलवाल्याचीच चूक. मायी नोकरी राह्यली. झिंगूची बायको सोमारी, तिले सारे म्हनले, तुया नवऱ्याचं ध्यान नव्हतं.

फांद्या तेथीच राह्यल्या. दुसऱ्या दिवशी कोनीतरी वर पाला ठिवला. मंग तिसऱ्यानं. लोकाईले वाटलं काई तरी हाये. मी पाहून राह्यलो अन् चूप राह्यलो. जवा जवा गेलो तवा मीबी ठिवलो. तुले बाजूले बसवून ठिवलो. तू हात जोडत होतीस अन् मी तुयाकडं पाहू शकत नव्हतो.

तू म्हनतेस, सांगा. मी काय सांगू? मी चूप राह्यलो, तीस वर्सं गाडी चालवलो, पेन्शन खातो. त्याच्यातून काय निंगालं ते तुले आता माहीत हाये. तुयं तू ठरव. पन ठरवताना माया सारखा आळस करू नको.

मामा



गडचांदूर
१४ जानेवारी २०२५

मामा,

तुमचं पत्र ३ तारखेला मिळालं. दोन दिवस मी तुमच्यावर खूप रागावले होते. अजून थोडी रागावलेली आहे. ते लपवत नाही.

६ तारखेला ऑफिसच्या खोलीत ठेकेदार, बापूराव, अश्वजित आणि दोन जुने ड्रायव्हर होते. मला कुणी बोलावलं नव्हतं. दारात उभी राहून मी म्हणाले, मला सांगायचं आहे. बापूराव म्हणाले, "सुट्टी पायजे का?"

मी म्हणाले, "कडेची पळसाची डहाळी माझी होती. रोज मीच ठेवते. मधल्या सागाच्या तीन फांद्या अश्वजितभाऊंच्या. माझी नेहमी पळसाचीच असते, एकच असते, वर धोंडा असतो. त्या दिवशी सागाची पानं चिरडलेली मी डोळ्यांनी पाहिली. त्यांनी इशारा लावला होता."

ठेकेदारांनी विचारलं, कशासाठी ठेवत होतीस? मी खरं सांगितलं. भीती वाटत होती म्हणून. तुमच्या घाटाचं काही सांगितलं नाही. ते तुमचं आहे.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. अश्वजित खुर्चीवरून उठला. मला वाटलं, आता शिव्या देईल. तो म्हणाला, "बाई, तुले भेव लागत होतं तं हॉर्न मारती." आणि बाहेर निघून गेला. त्याला दुसऱ्या दिवशी कामावर घेतलं. अजून माझ्याशी बोलत नाही.

माझी चाबी काढून घेतली. बापूरावांनी दोन दिवसांनी बोलावलं. ट्रायल रद्द. पण १ फेब्रुवारीपासून नव्यानं तीन महिने, रस्त्यावर नाही, खाणीच्या आतच. "काऊन ठिवून राह्यलो माहीत आहे का?" ते म्हणाले. "उतरून मागं पाह्यनारा माया इथी दुसरा कोनी नाई." मला आनंद झाला नाही.

मग मी चंद्रपूरला गेले. निकेशला सांगायचं होतं. त्याचा पाय वर टांगलेला होता, त्याची आई संत्रं सोलत होती. मी सगळं बोलले. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मले माहीत होतं. नोहेंबरातच पाह्यलो होतो तुले. गाडी उभी करून हात जोडत होतीस. टपरीवर सांगतलो असतो तं पोराईनं तुले जगू दिलं नसतं. म्हनून झाडाचं नाव घेतलो."

मी विचारलं, मग त्या दिवशी?

"त्या दिवशी पाला दिसला. मनात म्हनलो, आपल्या मॅडमचा देव हाये. अन् ब्रेक नाई मारलो."

मामा, एवढ्या जणांत ज्यानं माझं झाकून ठेवलं, त्याचाच पाय गेला असता. चार महिन्यांनी चालेल म्हणतात. पुन्हा गाडी चालवेल का, ते डॉक्टर सांगत नाहीत. मी माफी मागितली, तर त्याच्या आईनं माझ्या हातावर दोन फोडी ठेवल्या आणि म्हणाली, खा. मला त्या गिळता आल्या नाहीत, टाकताही आल्या नाहीत. हातात घेऊनच बसस्टँडपर्यंत आले.

१ तारखेपर्यंत मला काम नाही.

रंजीता



अहेरी
१९ जानेवारी

रंजी पोरी,

तुयं पत्र मी सुकरीले वाचून दाखवलो. आधी तुयं, मंग तुले लिवलं होतं ते मायं तोंडीच सांगतलो, पहिल्यापासून. ती उठून गेली, मंग पान्याचा गिलास आनून दिला.

सोमारी जित्ती हाये. पोराजवळ राह्यते, आपल्या गावापासून दोन कोसावर. एवढे वर्सं मी त्या रस्त्यानं गेलो नाई, फेऱ्यानं गेलो. आता जातो. शुक्रवारी सकाळच्या बसनं.

एक अडचन हाये. मी बोलीन, पन ती काय म्हनते ते मले ऐकू येनार नाई. तिचं तोंड हलतानी दिसंन अन् मी येड्या बयतालासारखा बसून राहीन. तसं नाई पायजे. एवढ्या वर्सानं ती जे बोलंन ते मले समजाले पायजे.

तुले काम नाई, तू ये. वही आन. माया बाजूले बस, लहानपनी बसत होतीस तशी. ती बोलंन ते लिवत जा अन् मले दाखवत जा. शिव्या देईन तं शिव्या लिव. मोठ्या अक्षरात लिव, अन् माया साठी काई कमी करू नको.

लच्छू मामा